गळाची काठी मोडली? टाकू नका, बांधा!



रोहिणी नक्षत्र निघालं की आपल्याकडे दोन वस्तू हटकून बाहेर निघतात. औताचे फाळ पाजवायला लोहाराकडे जातात आणि माळ्यावर पडलेली गळाची काठी खाली उतरते. फाळाची काळजी सगळेच घेतात. काठीची मात्र मासा लागेपर्यंत कोणाला आठवण होत नाही. मग एखादी मोठी मरळ किंवा कटला गरीला लागतो, काठी कड् करून मोडते आणि आपण नशिबाला दोष देत घरी येतो.

अशा वेळी नुसती काठी जात नाही. तोंडात गरी आणि मागे वावभर तंगूस घेऊन मासा निसटतो. ती तंगूस कपारीत, झुडपात अडकते आणि मासा तिथेच मरतो. तो ना आपल्या कालवणात येतो, ना नदीत राहतो. शिवाय दुकानातून आणलेली फायबरची काठी असेल तर पैसे गेले ते वेगळेच. वास्तविक अशा दहा काठ्यांपैकी बऱ्याच काठ्या घरच्या घरी दुरुस्त होण्यासारख्या असतात. कार्यक्रमात सांगितलेली माहिती हाताशी राहावी म्हणून या पत्रिकेत ती सविस्तर देत आहोत. वाचा, जपून ठेवा आणि शेजाऱ्यालाही दाखवा.

काठी मोडते कशाने?

दुरुस्तीला हात घालण्याआधी काठी का मोडते हे समजून घेऊ. काठीचं काम वाकण्याचं आहे. मासा हिसका देतो तेव्हा काठी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत कमानीसारखी वाकते. त्यामुळे तो हिसका सगळ्या काठीत वाटला जातो. कुठल्याही एका जागेवर फार भार येत नाही आणि तंगूसही तुटत नाही.

आता या काठीत मधेच एक जागा अशी केली की जी वाकतच नाही, तर काय होईल? समजा मोडलेल्या जागी आपण लोखंडी पट्टी लावली आणि वरून जाड तार आवळली. ती जागा घट्ट झाली यात शंका नाही. पण तिने वाकायचं नाकारलं, म्हणून तिच्या वाट्याचा बाक तिच्या कडेवर येऊन साठतो. पुढच्या मोठ्या माशाला काठी पट्टीच्या कडेशी, बोटभर अंतरावर मोडते. 'बांधलं होतं ते टिकलं, पण शेजारी मोडलं' असं पुष्कळ जण सांगतात, त्याचं कारण हेच.

म्हणून या पत्रिकेतली एक गोष्ट ध्यानात राहिली तरी पुरे आहे: दुरुस्त केलेला सांधा काठीबरोबर वाकला पाहिजे. ताठ सांधा म्हणजे पुढची मोड.

काठी मोडण्याचं दुसरं कारण आपल्या हातात असतं. मासा अगदी पायाशी आला की पुष्कळ जण काठी आभाळाकडे उभी धरतात आणि माशाला काठीनेच वर उचलतात. तेव्हा सगळं ओझं एकट्या शेंड्यावर येतं, कारण बुडख्याला वाकायला वावच राहत नाही. मासा काठावर आणताना काठी तिरकी ठेवा आणि त्याला हातजाळ्यात घ्या. एवढी सवय लावली तरी काठीचं आयुष्य वाढतं.

सामान काय लागेल?

फार काही लागत नाही. शिवणकामाचा मजबूत पॉलिस्टर दोरा, दोन ट्यूबांचा इपॉक्सी डिंक, थोडं व्हार्निश, बारीक काचकागद, कानस, पक्कड, बारीक दातांची करवत, मेणबत्ती, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी. यातलं निम्मं सामान घरात असतंच.

दोऱ्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. मेण लावलेला चांभारी दोरा चपलेला उत्तम, पण काठीला नको, कारण त्यात व्हार्निश मुरत नाही. पतंगाचा मांजा तर मुळीच नको. त्याची काच हात कापते आणि काठीलाही चरे पाडते.

डिंकाबद्दलही तसंच. क्षणात चिकटणारा पातळ डिंक काडेपेटीसारख्या लहान वस्तूला ठीक आहे. पण तो वाळल्यावर ठिसूळ होतो आणि काठी वाकली की तडकतो. इपॉक्सीच्या दोन्ही ट्यूबांतला माल सारखा घ्यावा, पत्र्याच्या तुकड्यावर नीट कालवावा आणि रात्रभर तरी वाळू द्यावा. घाई करू नये.

आधी तपासणी

काठी उन्हात आणून ओल्या फडक्याने पुसा. मग चिमूटभर कापूस घ्या आणि काठीवरच्या प्रत्येक कडीतून तो फिरवा. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे कडीला चीर किंवा खाच आहे असं समजा. तंगूस वर्षानुवर्षं एकाच जागी घासली की धातूलाही खाच पडते. पुढे हीच खाच तंगूस कापते. 'तंगूस कच्ची निघाली' म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो, आणि चोर असतो काठीवर.

नंतर काठी शेंड्याकडून हळू वाकवत कानाशी धरा. कुरकुर आवाज आला तर कुठेतरी तडा आहे किंवा दोरा सुटला आहे. बांबूच्या काठीवर बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगेऱ्याने आतून पोखरलं आहे. अशी काठी दुरुस्त करण्यात श्रम घालू नका. ती वालाच्या मांडवाला लावा.

टोकाची कडी बसवणे

सगळ्यांत जास्त नुकसान शेंड्याच्या कडीचं होतं. दारात सापडते, टेम्पोत दबते, नाहीतर पडते. हे काम पाव तासाचं आहे.

जुनी कडी निघत नसेल तर पकडीने पिळू नका, शेंडा तडकेल. कडीची नळी उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा. डिंक मऊ झाला की कडी जाड फडक्यात धरून सरळ ओढा. नव्या कडीची नळी शेंड्यावर अलगद बसेल अशी निवडावी. सैल असेल तर शेंड्यावर दोऱ्याचे सात-आठ वेढे द्या. घट्ट होते म्हणून शेंडा तासत बसू नका.

चिकटवायला गरम करून वापरायची डिंककांडी चालते. ती नसेल तर सोनाराकडे वा कासाराकडे मिळणारी लाखही चालते. हे दोन्ही पदार्थ पुन्हा गरम केले की सुटतात, त्यामुळे पुढच्या वेळी कडी बदलणं सोपं जातं. डिंककांडी मेणबत्तीवर मऊ करून शेंड्याला लावा, कडी सरकवा आणि डिंक गार व्हायच्या आत ती बाकीच्या कड्यांच्या रांगेत आहे का ते एक डोळा मिटून पाहा. फायबरचा शेंडा स्वतः ज्योतीवर कधीही धरू नका, तो करपतो.

शेंडाच वितीच्या आत मोडला असेल तर तो सांधण्याच्या भानगडीत पडू नका. मोडलेली जागा काचकागदाने साफ करा आणि तिथेच थोडी मोठी कडी बसवा. काठी वीतभर आखूड आणि किंचित ताठ होईल, पण चांगली कामाला येईल.

मधली कडी बांधणे

कडी विकत मिळत नसेल तर घरी करता येते. मोठ्या सेफ्टी पिनेच्या शेपटाला जो तारेचा वेढा असतो तीच तयार कडी. पिनेचं डोकं कापून टाकावं आणि दोन्ही पाय पसरून कडीला बैठक करावी. स्टीलची तार खिळ्याभोवती गुंडाळूनही कडी होते. साधी लोखंडी तार घेऊ नये. गंज चढला की ती कानशीसारखी तंगूस खाते.

आता बांधण्याची रीत.

१. कडीच्या पायांची टोकं कानशीने उतरती करा. टोक जाड राहिलं तर दोरा त्यावर चढताना तुटतो आणि ते टोक काठीत रुततं.

२. कडी जागेवर ठेवून एक पाय कागदी चिकटपट्टीने तात्पुरता धरा.

३. दुसऱ्या पायाच्या थोडं बाहेरून दोरा सुरू करा. दोऱ्याचं टोक काठीवर आडवं ठेवा आणि त्याच्यावरूनच पाच-सहा वेढे घ्या. टोक दबलं की उरलेलं कापा. गाठ मारायची नाही.

४. वेढ्याला वेढा लागून, फट न ठेवता, कडीच्या दिशेने या. दोरा जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावा आणि हाताने काठीच फिरवावी, म्हणजे ताण सारखा राहतो.

५. शेवटचे सात-आठ वेढे उरले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फासा काठीवर ठेवा आणि ते वेढे त्याच्यावरून घ्या. मुख्य दोरा कापून त्याचं टोक फाशात ओवा आणि फासा ओढून घ्या. टोक आपोआप वेढ्यांखाली जाईल. वर आलेला शेव कापा.

६. दुसरा पायही असाच बांधा. मग दोऱ्यावर व्हार्निशचे तीन पातळ हात द्या. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका.

कड्या कुठे बांधायच्या याचा हिशेब सोपा आहे. मोठी कडी रिळाजवळ आणि शेंड्याकडे जाताना क्रमाने लहान. अंतरही शेंड्याकडे कमी कमी होत जावं. सर्व कड्या आधी चिकटपट्टीने लावा, तंगूस ओवून तिचं टोक खुंटीला बांधा आणि काठी वाकवून पाहा. तंगूस काठीच्या बाकाबरोबर वळली पाहिजे. दोन कड्यांमध्ये ती काठीला घासत असेल किंवा सरळ कापून जात असेल तर कडी सरकवा. मनाजोगतं झालं की मग दोरा घ्या.

मोडलेली बांबूची काठी सांधणे

इथे सुताराची जुनी युक्ती कामाला येते, ती म्हणजे तिरका सांधा. मोडलेले दोन्ही तुकडे असे तासायचे की दोन लांब उतार एकमेकांवर बसतील. उताराची लांबी काठीच्या जाडीच्या दहा ते बारा पट हवी. काठी तिथे १ सेंटिमीटर जाड असेल तर उतार १० ते १२ सेंटिमीटर. काठी तेवढी आखूड होईल, पण सांधा काठीसारखा वाकेल. आखूड उताराचा सांधा मात्र पहिल्या झटक्यालाच उघडतो.

दोन्ही उतार तंतोतंत बसले आहेत का, हे कसं ओळखाल? एका उताराला खडू फासा आणि दुसऱ्यावर दाबा. जिथे जिथे खडू उमटेल ते उंचवटे. तेवढेच तासा आणि पुन्हा दाबून पाहा. सगळीकडे खडू सारखा उमटला की काम झालं. मग इपॉक्सी लावा, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून वेढून टाका. ही रबरी पट्टी चारी बाजूंनी सारखा दाब देते. शिकंज्याची गरज पडत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडा, ओघळलेला डिंक घासून काढा आणि सांध्यावर दोरा बांधा. इथेच आपली मुख्य गोष्ट आठवा. दोरा मध्यावर दोन पदरी, कडेला एकपदरी, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं पुढे गेलेला असावा. म्हणजे ताठपणा एकदम न संपता हळूहळू कमी होतो.

काठी पुरती मोडली नसून नुसती उभी चिरली असेल तर चिरेत दाभणाने इपॉक्सी भरा, ट्यूबच्या पट्टीने दाबा आणि दुसऱ्या दिवशी दोऱ्याने बांधा. खिळा मात्र ठोकू नका. बांबू उभा फाटतो, हे आपल्याला सांगायला नकोच.

फायबरची पोकळ काठी सांधणे

फायबरची काठी आतून नळीसारखी पोकळ असते. तिला बाहेरून कितीही बांधलं तरी जोर येत नाही. आत खुंटी घालावी लागते.

मोडलेल्या जागेचे चुरगळलेले तंतू बारीक करवतीने कापून टाका. कापण्याच्या रेषेवर आधी चिकटपट्टी गुंडाळली तर नवे तंतू उकलत नाहीत. खुंटीसाठी एखाद्या निकामी फायबर काठीचा तुकडा उत्तम. तो नसेल तर चांगल्या वाळलेल्या भरीव बांबूची कांब गोल तासून घ्या. खुंटी दोन्ही तुकड्यांत काठीच्या जाडीच्या सात-आठ पट आत गेली पाहिजे. १ सेंटिमीटर जाडीच्या काठीला एकूण १५ सेंटिमीटर खुंटी धरा. ती घट्ट बसावी, पण ठोकून घालावी लागू नये, नाहीतर नळी फाटेल. काठी शेंड्याकडे निमुळती असते, म्हणून खुंटीही त्या बाजूला थोडी निमुळती करावी.

खुंटीची दोन्ही टोकं पेन्सिलीसारखी उतरती करायला विसरू नका. बोथट टोकाशी काठी आतून कापली जाते. मग खुंटीच्या मध्यावर खूण करा, इपॉक्सी लावा, दोन्ही बाजूंनी काठी सरकवा, कड्या एका रांगेत आल्या का ते पाहा आणि काठी सरळ टांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी वरून दोरा आणि व्हार्निश.

सावधगिरीची एक सूचना. फायबर म्हणजे काचेचे तंतू. त्याची भुकटी नाकात आणि डोळ्यांत जाऊ नये. काचकागद पाण्याने ओला करून घासा, नाकातोंडाला फडकं बांधा, मुलांना दूर ठेवा आणि काम झाल्यावर हात न चोळता गार पाण्याखाली धुवा.

जोडाचा सांधा अडकला किंवा सैल झाला

दोन-तीन तुकड्यांच्या काठीचा जोड वाळूच्या कणाने अडकतो. पकडी लावून पिळू नका. समोरासमोर दोघे जण उभे राहा, प्रत्येकाने एक हात जोडाच्या वर आणि एक खाली धरावा आणि दोघांनी मिळून सरळ ओढावं. तरी सुटला नाही तर आत गेलेल्या तुकड्याला जोडाशेजारी बर्फ लावा. तो तुकडा किंचित आकसतो आणि जोड सुटतो. जोड सैल झाला असेल तर आत जाणाऱ्या टोकाला मेणबत्तीचं मेण चोळा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याला वाळू चिकटते.

नवी काठी केव्हा करावी?

काठी दोन-तीन ठिकाणी मोडली असेल तर नवी केलेली बरी. पण नव्या काठीचा बांबू ऐन पावसाळ्याच्या तोंडावर तोडू नये. त्या वेळी तोडलेला ओला बांबू वाकडा होतो आणि लवकर किडतो. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत, तीन वर्षांहून जुना वेळू निवडावा. कोकणात त्यासाठी माणगा चांगला, तर विदर्भात मानवेल. दोन्ही जवळजवळ भरीव असतात. कटांग पोकळ आणि काटेरी, तो काठीला नको.

तोडलेला बांबू तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातला पिठूळ अंश निघून जातो आणि भुंगेऱ्याचा उपद्रव कमी होतो. नंतर तो सावलीत शेंडा वर करून टांगा आणि बुडख्याला दगड बांधा, म्हणजे सरळ वाळतो. दोन-तीन महिने तरी वाळू द्या. बाक राहिलाच तर निखाऱ्यांच्या वर हातभर अंतरावर फिरवत शेका, हाताने सरळ करा आणि गार होईपर्यंत तसाच धरा.

आपल्या बांधावरचा बांबू तोडायचा म्हणजे वनखात्याची कटकट, असं अजून काहींना वाटतं. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. तेव्हा खासगी शेतातल्या बांबूला त्या कायद्याखालचा झाडाचा नियम लागत नाही. जंगलातल्या बांबूची गोष्ट वेगळी, तिथे विचारल्याशिवाय कोयता लावू नये.

काठीला जोडायच्या छोट्या वस्तू

गरी अडकवायची कडी: मुठीच्या वर तारेची एक लहान कडी दोऱ्याने बांधा आणि चालताना गरी तिच्यात अडकवा. मोकळी लोंबती गरी सदऱ्यात, झुडपात आणि मुलांच्या अंगात रुतते. एवढ्याशा कडीने पुष्कळ अपघात टळतात.

तंगूस गुंडाळायच्या खुंट्या: रीळ नसलेल्या साध्या काठीच्या बुडख्याजवळ वीतभर अंतरावर दोन लाकडी खुंट्या दोऱ्याने बांधा. तंगूस इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळली की पीळ पडत नाही.

घुंगरू: रात्रीच्या वेळी बैलाच्या माळेतलं एक घुंगरू कपड्याच्या चिमट्याला बांधून चिमटा शेंड्याला लावा. मासा लागल्याची वर्दी लगेच मिळते.

बेचकी: काठी जमिनीवर टाकू नका, पायाखाली येते. निर्गुडीच्या फांदीची दुबेळकी काठावर रोवा आणि तिच्यावर काठी टेका.

बोया: ज्वारीच्या वाळक्या धाटाचा तुकडा, बाटलीचं बूच किंवा जुन्या रबरी चपलेचा गोल कापलेला तुकडा चालतो. धाटाला व्हार्निशचा हात द्या, नाहीतर पाणी पिऊन बुडतं.

वजन: पुष्कळ जण शिशाची गोळी दाताने दाबून तंगुसाला लावतात. हे अगदी चुकीचं आहे. शिसं विषारी आहे, आणि लहान मुलांना तर त्याचा थोडा अंशही घातक. शक्यतो लोखंडी नट किंवा भोकाचा दगड वापरा. शिसं वापरलंच तर पकडीने दाबा आणि भाकरीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवा.

गरी काढायची काडी: मोडक्या छत्रीची एक काडी घ्या, टोक ठोकून चपटं करा आणि त्याला कानशीने खाच पाडा. तंगुसावरून खाच सरकवत गरीपर्यंत न्या आणि आत ढकला. गरी सुटते. लहान मासा जिवंत सोडायचा असेल तर ही काडी जवळ हवीच.

पाण्यावर जाण्याआधी जोखून पाहा

दुरुस्त काठी सरळ माशावर आजमावू नका. १ लिटरची बाटली अर्धी भरली की अर्धा किलो वजन होतं. ती तंगुसाला बांधा आणि काठी तिरकी धरून हळू उचला. तोंड बाजूला ठेवा. सांध्याकडे पाहा. काठीची कमान एकसारखी गोल दिसली तर दुरुस्ती उत्तम. सांध्यापाशी कोन पडला किंवा सांधा फळीसारखा सरळ राहिला, तर दोरा सोडून कडेचे पदर कमी करा. एक दिवस गेला तरी चालेल.

जिवापेक्षा मासा मोठा नाही

आता सगळ्यांत महत्त्वाचं. १० फुटांची काठी उभी धरली की तिचं टोक जमिनीपासून १३-१४ फुटांवर जातं. विहिरीवर, कालव्यावर, शेततळ्यावर पंपासाठी आलेल्या विजेच्या तारा कित्येकदा लोंबलेल्या असतात. कार्बनची काठी विजेला तारेसारखी वाट देते. ओला बांबूही सुरक्षित नाही. तारेखाली गळ टाकू नका आणि तिथून काठी आडवी धरूनच चाला. तंगूस तारेत अडकली तर काठी सोडून द्या आणि वीज कंपनीला कळवा. काठी दुसरी होईल.

वळवाचा गडगडाट ऐकू आला की पाणी आणि काठी दोन्ही सोडून पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्यावरच बाहेर पडा. झाडाखाली थांबू नका. विजेची आगाऊ सूचना देणारं 'दामिनी' हे मोबाइल ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलं आहे, ते फोनमध्ये घ्यावं.

गरी बोटात उलट्या काट्यापर्यंत रुतली तर ओढून काढू नका. तंगूस कापा, गरी हलणार नाही असं फडकं बांधा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल तिथे आठवणीने विचारा. डोळ्याजवळ लागली असेल तर हातही न लावता दवाखाना गाठा.

तुटलेली तंगूस काठावर टाकू नका. ती कुजत नाही. बगळ्याच्या पायात गुंतते आणि चाऱ्याबरोबर गाईच्या पोटात जाते. गुंडाळी करून घरी आणा.

आणि शेवटी पाण्याचा मान राखा. पाटबंधाऱ्याच्या तलावातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. तिथे गळ टाकण्याआधी विचारा. पहिल्या पुराला चढणीला लागलेला, पोटात गाबोळी असलेला मासा सोडून द्या. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून मासे राखले आहेत, ते कोणी धरत नाही. आपल्या गावच्या पाण्यातही थोडं राखलं तर पुढच्या वर्षी काठी काढायला कारण उरेल.

तेव्हा मंडळी, माळ्यावरची काठी आजच खाली काढा. कापूस फिरवून पाहा, कमान पाहा, आणि जिथे मोडली असेल तिथे वाकेल अशी बांधा. घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवून हे काम करा, दोऱ्याचा फासा त्यांच्या बोटांना आपल्यापेक्षा लवकर जमतो. काही अडलं तर पोस्टकार्ड टाकायला विसरू नका.

थोडक्यात ध्यानात ठेवा

• सांधा काठीबरोबर वाकला पाहिजे. कडेला दोरा पातळ, मध्यावर जाड.
• बांबूला तिरका सांधा, जाडीच्या दहा-बारा पट लांब. फायबरला आतून खुंटी, टोकं उतरती.
• कड्या कापसाने तपासा. खाच पडलेली कडी बदला.
• इपॉक्सी रात्रभर वाळू द्या. अर्ध्या बाटलीच्या वजनाने काठी जोखा.
• विजेच्या तारेखाली आणि गडगडाटात काठी हातात नको.
• शिसं दाताने दाबू नका. तुटकी तंगूस घरी आणा.